गाळलेली ओळ

वडिलांकडून माझ्याकडे दोन गोष्टी आल्या: आवाज आणि पत्रक लिहायची पद्धत. नागपुरात आमच्या वस्तीच्या तोंडाशी त्यांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि उरलेल्या कागदावर मोर्च्यांची पत्रकं निघायची. शाळेतून आले की मी प्रुफं वाचायला बसायची. त्यांचे नियम मला पाढ्यांसारखे पाठ होते. वाचणारा रस्त्यानं चालत असतो, तेव्हा एका पानाच्या वर जायचं नाही. आणि विरोधकाला आपल्याविरुद्ध वापरता येईल असं एकही वाक्य ठेवायचं नाही. शंका आली की गाळायचं.

दुसरा नियम पाळून मी एका बाईचं नुकसान केलं. त्याबद्दल लिहायचं टाळत होते. आता टाळायचं नाही.

शिकायला मी लीड्सला आले आणि तिथून ट्रेननं अर्ध्या तासावरच्या एका गावात नोकरीला लागले. बंद पडलेल्या लोकरीच्या गिरण्या, एक कालवा, चढावर दगडी घरांच्या रांगा. या गावात आम्ही पाच-सहा जणांनी गट केला. सरकारी योजना अशी आहे की गावानं घर शोधायचं, भांडीकुंडी जमवायची, डॉक्टर-शाळा बघायची, जाडजूड फॉर्म भरायचा, मग परदेशात अडकलेलं एक निर्वासित कुटुंब गावाला मिळणार. सरकारचं काम शेजाऱ्यांच्या गळ्यात, असं माझं मत आहे आणि ते मी बैठकीत, रस्त्यावर, कौन्सिलच्या दारात सगळीकडे सांगितलेलं आहे. त्या फॉर्ममध्ये पडद्यांची लांबी विचारली होती. धुराच्या अलार्मचा फोटो मागितला होता. येणाऱ्या माणसांना काय हवंय, हा प्रश्न मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुठेच नव्हता.

आमच्या वाट्याला आलं ते ह्माँग कुटुंब. लाओसच्या डोंगरातून पळालेलं, बँकॉकमध्ये कित्येक वर्षं कागदाविना लपून राहिलेलं. नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. बायकोला सहावा महिना लागला होता.

निघण्याआधी त्यांच्याशी व्हिडिओ कॉल झाला. दुभाषी म्हणून फ्रान्समध्ये राहणारी एक ह्माँग बाई फोनवर होती. आम्ही तासभर घर दाखवत होतो. ही शेगडी, हा बॉयलर, ही बसच्या वेळांची वही. नवरा प्रत्येक गोष्टीला ‘येस, थँक्यू’ म्हणत होता. त्यानं बांधकामावर मजुरी करता करता थोडं इंग्रजी उचललं होतं, बोलण्यापुरतं आणि पाट्या वाचण्यापुरतं. बायको गप्प होती. शेवटी आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे एका निवृत्त पोस्टमननं, तिला विचारलं, “तुम्हाला काही विचारायचंय का?”

तिनं एकच प्रश्न विचारला. तिथल्या दवाखान्यात बाळाची वार माझ्या हातात देतील का?

दुभाषी बाईंनी समजावून सांगितलं. वार म्हणजे बाळाचा पहिला अंगरखा. मुलगी असेल तर ती आईबापाच्या पलंगाखाली पुरतात. माणूस मरतो तेव्हा त्याचा आत्मा जिथे जिथे राहिला त्या प्रत्येक गावातून उलटा चालत येतो, वार पुरली तिथे पोचतो, तो अंगरखा घालतो आणि मग पूर्वजांकडे जातो. अंगरखा मिळाला नाही तर तो भटकत राहतो. “म्हणून विचारतेय ती,” बाई म्हणाल्या. “पहिलं बाळ आहे.”

“देतील की,” पोस्टमन म्हणाले आणि इतिवृत्तात लिहूनही घेतलं. दुसऱ्या दिवशी ते त्या घरी गेले, खालच्या खोलीच्या लाकडी जमिनीच्या फळ्या तपासल्या, एक फळी उचकटून बघितली. खाली मातीच होती. त्यांनी पलंग वरच्या मजल्यावरून खाली आणवला आणि बरोबर त्या फळीवर ठेवला. मला फोन करून म्हणाले, “फळी सैल करून ठेवली आहे. घरमालकाला तू काही सांगू नकोस, तू भांडशील.”

आता माझं काम. शेजारी, शाळा, डॉक्टर, हॉस्पिटल, सगळ्यांना द्यायला एका पानाचं पत्रक करायचं होतं, ‘तुमचे नवे शेजारी’. मी कच्चा खर्डा केला: घरात जाताना बूट काढा. बाळ किती गोंडस आहे असं मोठ्यानं म्हणू नका, त्यांना ते आवडत नाही. बाळंतपणानंतर महिनाभर आई फक्त गरम भात आणि उकडलेली कोंबडी खाते, तिला थंड पाणी देऊ नका. प्रसूतीनंतर वार कुटुंबाच्या ताब्यात द्या.

त्याच आठवड्यात चर्चच्या हॉलमध्ये गावाची सभा झाली. जेमतेम तीस खुर्च्या भरल्या. एका माणसानं हात वर करून विचारलं, “ही माणसं कुत्री खातात का?” मागून हसू आलं. दुसरी बाई म्हणाली, “मी फक्त विचारतेय हं, पण कोंबड्या घरातच कापतात म्हणे.” गावाच्या फेसबुक ग्रुपवर तर त्याहून घाण चाललं होतं. मी त्या माणसाला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोस्टमननी मला बसवलं.

घरी आले आणि खर्डा काढला. वारेची ओळ डोळ्यांसमोर आली आणि हॉलमधलं ते हसू कानात वाजलं. गाळली.

गटात माझ्याशिवाय मराठी बोलणाऱ्या एक होत्या. पुण्याहून तरुणपणी इथल्या हॉस्पिटलमध्ये आलेल्या आणि सगळी हयात बाळंतपणं करण्यात घालवलेल्या डॉक्टर. सगळं गाव त्यांना डॉक्टर म्हणतं, मी काकू म्हणते. त्यांनी पत्रक चष्मा वर करून दोनदा वाचलं.

“वारेचं कुठे गेलं गं?”

“काढलं.”

“का?”

“काकू, त्या लोकांच्या हातात आयतं कोलीत द्यायचं? उद्या ग्रुपवर टाकतील, मांस पुरतात घरात म्हणून. आणि खरं सांगू का, मलाही ते पटत नाही. आत्मा काय, अंगरखा काय! निर्वासित आहेत म्हणून त्यांच्या अंधश्रद्धा छापून वाटायच्या का आपण?”

“पटवून घ्यायला कोण सांगतंय तुला? हॉस्पिटलच्या कॉपीत तरी ठेव. मिडवाइफला ते लेखी लागतं, नाहीतर रुटीननं जाते ती डब्यात.”

“दोन वेगवेगळी पत्रकं करायची नाहीत. एक बाहेर आलं की दुसरंही येतं. मी तोंडी सांगीन मिडवाइफला.”

“तू सांगशील?”

“मी सांगीन म्हटलं ना! तुमच्या पिढीला सोवळंओवळं सांभाळायची सवय आहे, म्हणून तुम्हाला त्यात काही वाटत नाही.”

हे मी बोलले. काकू माझ्या आईपेक्षा मोठ्या. त्यांनी चष्मा डब्यात ठेवला आणि म्हणाल्या, “माझ्या सोवळ्याचं नंतर बघू. तू सांग म्हणजे झालं.”

कुटुंब आलं. विमानतळावर आजी सगळ्यात पुढे होती, उंचीनं माझ्या खांद्याइतकी, हातात कापडी पिशवी. घरी पोचल्यावर तिनं बॉयलर बघितला नाही की शेगडी बघितली नाही. पलंग बघितला, वाकून खाली हात घातला, फळी हलवून पाहिली. मग पहिल्यांदा हसली आणि पोस्टमनच्या दंडावर थाप मारली. पोस्टमन लाजले.

मिडवाइफची भेट एका शनिवारी ठरली. त्याच शनिवारी लीड्समध्ये मोर्चा होता, निर्वासितांना हॉटेलांत कोंडण्याविरुद्ध. माझ्याकडे भाषण होतं, तीन मिनिटांचं. मी सकाळी त्यांच्या घरी जाऊन नवऱ्याला पत्रक दिलं.

“हे मिडवाइफला दे.”

त्यानं तो दाट छापलेला कागद उलटसुलट केला. “वारेचं यात आहे?”

“सगळं यात आहे,” मी म्हणाले.

मला माहीत होतं नाही म्हणून. मोर्चाहून आल्यावर संध्याकाळी फोन करू असा विचार केला होता. संध्याकाळी घसा बसला होता. सोमवारी वेगळंच काही निघालं. भाषण छान झालं, त्याचा व्हिडिओ अजून फिरतो.

बाळ ठरल्यापेक्षा दोन आठवडे आधी आलं, दुपारी. मुलगी. फोनवर ह्माँग दुभाषी मिळाला नाही, थाई मिळाला, त्यावर निभावलं. कुटुंबाला घाई करायचं कारणच नव्हतं. त्यांनी वार मागितली नाही, कारण ती त्यांच्यासाठी ठेवलेली असणार, कागदावर आहे असं मीच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना घरी न्यायला मी हॉस्पिटलमध्ये गेले. आजी वॉर्डच्या दाराशी उभी होती. हातात झाकणाचं नवंकोरं पातेलं, आत पांढरं कापड घडी करून ठेवलेलं. मिडवाइफला वाटलं जेवण आणलंय. “किती छान,” ती म्हणाली, “ताईंसाठी सूप का?”

नवरा माझ्याकडे वळला. “तू सांग तिला. आम्ही न्यायला आलो.”

मी सांगितलं. मिडवाइफचा चेहरा बदलला. तिनं फाइल उघडली. माझं पत्रक होतं तिथे, व्यवस्थित पंच करून लावलेलं. बूट काढा. थंड पाणी देऊ नका. टेबलावर गरम पाण्याचा थर्मास होता. त्यांनी ओळ न् ओळ पाळली होती.

“यात नाहीये,” ती म्हणाली. “असतं तर फ्रिजमध्ये ठेवली असती. आम्ही देतो, नेहमी देतो. सकाळची कचऱ्याची गाडी गेली हो.”

तिचा काही दोष नव्हता. मला आयुष्यात पहिल्यांदा असं हॉस्पिटल, ऑफिस, कौन्सिल काहीही सापडलं, जिथे समोरच्याचा दोष नव्हता आणि मला भांडायची सोय नव्हती.

नवरा म्हणाला, “पण पेपरमध्ये होतं.”

“नव्हतं,” मी म्हणाले. “मी काढलं. तुला खोटं सांगितलं.”

हे त्याच्या बायकोला आणि आईला सांगायला फ्रान्सला फोन लावला. बायकोच्या कॉटशेजारी उभं राहून स्पीकरवर ठेवला. माझं बोलणं पाच वाक्यांत संपलं. बायकोनं बाळाला पदरासारख्या कापडात ओढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. आजी बराच वेळ बोलली. आवाज चढला नाही.

“काय म्हणतात त्या?”

“सगळं सांगत नाही,” बाई म्हणाल्या. “शेवटचं सांगते. त्या विचारतायत, कुठे नेली?”

“माहीत नाही.”

“मग माहीत करून घे, म्हणतायत.”

त्या रात्री आईला नागपूरला फोन केला. तिच्याकडे पहाट झालेली. माझी वार कुठे आहे विचारलं. ती घाबरली, काय झालं गं तुला? मग म्हणाली, “सरकारी दवाखान्यात झाली ना तू. देत नव्हते ते. तुझ्या आजीनं भांडून आणली, मागच्या कडुनिंबाखाली पुरली. तुझ्या बाबांना नाही सांगितलं. ते पत्रकं वाटायला गेले होते.”

पुढचे दहा दिवस मी जे करते तेच केलं: फोन. पण या वेळी आवाज न चढवता. हॉस्पिटलच्या कचऱ्याचं काम बघणाऱ्या माणसानं शेवटी सांगितलं, लाल झाकणाचे डबे मोटरवेजवळच्या भट्टीत जातात. जाळतात. राख पुढे जमिनीत भरतात, कुठल्या ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी हे आजीला जसंच्या तसं सांगितलं. काही गाळलं नाही. तिनं भट्टी पाहायची म्हटलं.

दुभाषी बाईंनी मला बाजूला घेऊन सांगावं तसं फोनवर हळू आवाजात सांगितलं, “फ्रान्समध्येही आमच्या कित्येकांचं असं झालंय. अंत्यविधीत आत्म्याला रस्ता सांगणारा माणूस असतो. त्याला ठिकाणं क्रमानं माहीत लागतात. म्हातारीला रस्ता हवाय. नातीसाठी.”

काकूंनी गाडी काढते म्हटलं. आजी नको म्हणाली, गाडीतून रस्ता लक्षात राहत नाही. बसनं थोडं जाऊ, बाकी चालू. तेव्हा काकू आपला दुखरा गुडघा घेऊन बसमध्ये आल्या. हॉस्पिटलमधल्या त्या सकाळपासून त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. बसमध्ये शेजारी बसल्या आणि पिशवीतून डब्बा काढला.

“घे. डिंकाचे आहेत. तिच्यासाठी केले होते, पण ती महिनाभर कोंबडीभाताशिवाय काही खाणार नाही. मी करंटी, तूप-मेव्याला शंभर दुकानं फिरले. तुझं पत्रक दोनदा वाचलं होतं, तरी विसरले.”

मी लाडू हातात घेऊन बसले. खाववला नाही.

“काकू, मी ते सोवळ्याचं बोलले—”

“ते सोड. मी चाळीस वर्षं वार त्या लाल डब्यात टाकत आले. मला एकीनंही विचारलं नाही, किंवा विचारलं असेल, मला कळलं नसेल.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “खा तो. डिंक महागलाय.”

बस उतरल्यावर आजी पुढे झाली. प्रत्येक वळणावर थांबायची, मागे वळून आलेला रस्ता बघायची, मुलाला काहीतरी म्हणायची, तो मला नाव विचारायचा. कालव्यावरचा लोखंडी पूल. घड्याळ बंद पडलेली गिरणी. रिंग रोडखालचा पादचारी बोगदा. मोठं सुपरमार्केट, त्याच्या मागची कुत्र्यांना फिरवायची हिरवळ. मग फूटपाथ संपला आणि आम्ही गवताच्या कडेनं एकामागे एक चालू लागलो. शेजारून ट्रक जात होते.

भट्टीच्या फाटकाशी पिवळ्या जाकिटातला गार्ड बाहेर आला. “काही मदत हवी का?” त्या सुरात विचारलं, ज्याचा अर्थ ‘इथे काय काम’ असा असतो. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, नेहमीचं. काकूंनी माझा दंड धरला. नवरा पुढे गेला.

“माझी मुलगी जन्मली. तिचं एक इथे आलं,” तो त्याच्या इंग्रजीत म्हणाला. “आम्ही फक्त बघतो. माझी आई.”

गार्डनं आजीकडे पाहिलं. तिच्या हातात ते पातेलं होतं, ते तिनं का आणलं होतं मला माहीत नाही. “हॉस्पिटलचं डावीकडच्या चिमणीत जातं,” तो म्हणाला. “उभे राहा हवं तेवढं, लव्ह. ट्रककडे लक्ष ठेवा फक्त.” इकडे अनोळखी माणसालाही ‘लव्ह’ म्हणतात. तो आत गेला.

आजीनं डावीकडची चिमणी बघितली. खाली वाकून फाटकाजवळची मूठभर माती पातेल्यात घेतली, झाकण लावलं. तोंडानं काही पुटपुटली. तिच्या मुलानं मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. परत निघालो.

घरी बायको पलंगावर बसून बाळाला पाजत होती. मी आत आले तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही. आजही फारसं पाहत नाही. मी त्याची तक्रार करत नाही. आजीनं पोस्टमनना बोलावलं, त्यांनी फळी उचलली, ती माती तिथे गेली. ते चालतं का, मी दुभाषी बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “कुणाला ठाऊक? इकडे विचारायचं तरी कोणाला?”

मग नवऱ्यानं माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. “तू लिही. रस्ता. मुलगी मोठी होईल, इंग्रजी वाचेल.”

मी लिहिलं. हे घर, उताराचा रस्ता, बसस्टॉप, लोखंडी पूल, गिरणी, सुपरमार्केट, हिरवळ, गवताची कड, फाटक, डावी चिमणी. उलटंही लिहिलं, चिमणीपासून घरापर्यंत. त्यानं ते आईला त्यांच्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवलं. ती डोळे मिटून बोटं मोजत ऐकत होती. गिरणीनंतर तिनं हात वर केला.

“काहीतरी राहिलं म्हणते,” नवरा म्हणाला. “गिरणी, मग अंधार. लाल अक्षरं. मग दुकान.”

तो बोगदा. मी त्याचं नाव विसरले नव्हते. त्या बोगद्याच्या भिंतीवर आतून लाल स्प्रेनं, माझ्या उंचीच्या अक्षरांत, त्यांच्यासारख्यांनी आपापल्या देशात चालतं व्हावं असं लिहिलेलं आहे, शिवीसकट. नवऱ्यानं ते जाताना वाचलं होतं, मला दिसलं होतं. लिहिताना हात तिथे पोचला तेव्हा मी बोगदा गाळून पुढे गेले होते. कुणी सांगितलं नव्हतं. सवय.

“ते नको,” मी म्हणाले. “कौन्सिलला सांगून मी पुसून घेते.”

त्यानं आईला सांगितलं. तिनं डोळे उघडले आणि मला अगदी लहान पोरीला सांगावं तसं काहीतरी सांगितलं.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, पुसशील तेव्हा पूस. रस्ता तिथूनच जातो. नाही लिहिलं तर ही अंधारात कुठे वळेल?”

मी पेन उचललं. गिरणी आणि सुपरमार्केट यांच्यामध्ये जागा कमी होती, तेव्हा समासात बाण काढला आणि लिहिलं: बोगदा, अंधार, डाव्या भिंतीवर लाल अक्षरं. नवरा थांबला होता. मग ती अक्षरं काय म्हणतात तेही लिहिलं, आहे तसं.